वाचकांचे प्रश्न : जपलेल्या भित्तीवरचीच प्रवाळं जास्त का मेली?

प्रवाळभित्ती, त्यांच्यावर येणारा ताण आणि त्यांचं संरक्षण या विषयावर आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. बहुतेकांच्या मनातली शंका एकच होती, म्हणून तिला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : केनियाच्या किनाऱ्यावर जिथे मासेमारीला बंदी होती तिथली प्रवाळं १९९८च्या उष्म्यात, म्हणजे समुद्राचं पाणी तापलं तेव्हा, जास्त मेली आणि जिथे मासेमारी चालू होती तिथली कमी, असं वाचनात आलं. मग संरक्षण द्यायचंच कशाला?

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण नुसता किती प्रवाळं मेली हा आकडा पाहून चालत नाही, कोणती मेली हे पाहावं लागतं.

सगळी प्रवाळं एका स्वभावाची नसतात. अभ्यासक त्यांचे ढोबळमानाने चार गट करतात. पहिला स्पर्धकांचा. अ‍ॅक्रोपोरासारखी फांद्यांची किंवा टेबलासारखी आडवी पसरणारी प्रवाळं यात येतात. त्यांतली जोमदार वर्षाला १० सेंटीमीटर किंवा त्याहूनही जास्त वाढतात, शेजाऱ्याचा उजेड अडवतात आणि जागा बळकावतात. उष्मा मात्र त्यांना सोसत नाही आणि वादळात ती आधी मोडतात. दुसरा गट सोशिकांचा : पोरायटीसचे मोठाल्या दगडगोट्यांसारखे गोळे, मेंदूसारख्या वळ्यांची प्रवाळं. यांची वाढ वर्षाला साधारण १ सेंटीमीटर, पण काही गोळे शेकडो वर्षं जगतात. तिसरा गट तणासारखा. आकार लहान, आयुष्य थोडं, पण ही प्रवाळं अंडी पाण्यात सोडून देण्याऐवजी आत वाढवलेल्या अळ्या बाहेर सोडतात. त्या जवळपासच चिकटतात, त्यामुळे जागा रिकामी झाली की ही हजर. चौथा गट या सगळ्यांच्या मधला.

आता केनियाकडे पाहू. मासेमारी चालणाऱ्या भित्तींवर १९९८च्या आधीच निवड होऊन गेली होती. किनाऱ्यावरून ओढायची जाळी तळाशी घासतात आणि फांद्यांची प्रवाळं मोडतात. त्यात ट्रिगरफिश पकडले गेले की समुद्री अर्चिनांना (काटेरी गोळ्यांसारखे जीव) खाणारं कोणी उरत नाही. अर्चिन वाढतात आणि शैवाल खाता खाता भित्तीची चुनखडीही खरवडून काढतात. हे सगळं सोसून जी टिकली ती मुख्यतः सोशिक आणि तणासारखी प्रवाळं. बंदी असलेल्या क्षेत्रात मात्र स्पर्धक गट चांगला फोफावला होता. समुद्र तापला तेव्हा पहिला बळी त्याच गटाचा गेला. मासेमारीच्या भित्तींवर उष्म्याने मरण्यासारखं फारसं काही शिल्लकच नव्हतं.

इझाबेल कोते आणि एमिली डार्लिंग या संशोधकांनी २०१०मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. स्थानिक ताण काढून घेतला की नाजूक प्रजाती परत येतात, त्यामुळे हवामानबदलाचा फटका सोसण्याची भित्तीची ताकद वाढेलच असं धरून चालता येत नाही. काही ठिकाणी ती कमीही होऊ शकते.

याचा अर्थ भित्ती मोडकळीला आलेली बरी, असा कोणी काढू नये. फांद्या आणि टेबलं गेली की माशांच्या लपायच्या जागा जातात, लाटा अडवणारा खडबडीतपणा जातो, भित्तीची उंची वाढायची थांबते. सोशिक गोळ्यांची भित्ती जिवंत असते, पण तिच्यात राहणारे जीव थोडे. शिवाय उष्म्याने स्पर्धक मेले तरी बंदीच्या क्षेत्रात मासे, अर्चिनांवरचा वचक आणि शैवाल चरण्याची यंत्रणा शिल्लक राहते. पुढची दहा वर्षं तीच कामाला येते.

संरक्षणाकडून काय मागायचं आणि काय नाही, हे ठरवण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफचं २०१६ सालचं उदाहरण पुरेसं आहे. तिथे २००४मध्ये मासेमारीबंदीचं क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होतं, ते सुमारे ३३ टक्क्यांवर नेलं गेलं. काम उत्तम झालं, मासे वाढले. तरी २०१६च्या उष्म्यात सर्वांत जास्त होरपळला तो उत्तरेकडचा, माणसाचा वावर सर्वांत कमी असलेला भाग. इतक्या तीव्र उष्म्यापुढे पाणी स्वच्छ आहे की नाही, मासेमारी होते की नाही, याने ब्लीचिंगमध्ये (प्रवाळं पांढरी पडण्यात) जवळपास फरक पडला नाही. मासेमारीबंदीने पाणी थंड होत नाही. ती मासे वाढवते, भित्तीचा सांगाडा शाबूत ठेवते आणि आपत्तीनंतर नव्या प्रवाळांना जागा मोकळी मिळेल याची शक्यता वाढवते. एवढं मोठं काम करणाऱ्या उपायाला उष्माही रोखायला लावलं, तर तो नापासच होणार, आणि मग लोक तो सोडून देतील. आमची खरी भीती हीच आहे.

प्रश्न : पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं असतं का? डायव्हिंग करताना फरक कसा ओळखायचा?

नाही, ब्लीच झालेलं प्रवाळ जिवंत असतं. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा, काही प्रजातींत ९० टक्क्यांपर्यंत, त्याच्याकडून येतो. उष्णता आणि तीव्र ऊन एकत्र आलं की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, पेशींत घातक ऑक्सिजन संयुगं साचतात आणि प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं. रंग शैवालाचा असतो, म्हणून ते गेलं की पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो.

ओळखण्यासाठी हातभर अंतरावर या, पण स्पर्श करू नका. जिवंत ब्लीच प्रवाळाच्या पृष्ठभागावर ओलसर, जेलीसारखा पातळ थर दिसतो आणि त्याखालचा पांढरा रंग किंचित चमकतो. बारकाईने पाहिलं तर सांगाड्यातल्या काही वाट्यांतून पॉलिपांचे (प्रवाळाच्या एकेका सूक्ष्म जिवाचे) मिशीसारखे तंतू बाहेर आलेले दिसतात. नुकत्याच मेलेल्या प्रवाळावर हा थर नसतो. सांगाड्यातल्या वाट्या कोरड्या कोरीव कामासारख्या स्वच्छ आणि धारदार दिसतात. ही अवस्था फार दिवस टिकत नाही. काही दिवसांतच त्यावर शैवालाची हिरवट-तपकिरी लव चढते. लव चढलेला भाग मेलेला, यात शंका ठेवू नका.

प्रत्येक पांढरा डाग ब्लीचिंगचा नसतो. अ‍ॅक्रोपोराच्या फांद्यांची वाढती टोकं निरोगी असतानाही फिकट असतात. पोपटमाशाने चावा घेतला असेल तर चोचीचे लहान, स्पष्ट ओरखडे दिसतात. काटेरी मुकुटाचा तारामासा जिथे चरून गेला तिथे ताटाएवढा पांढराशुभ्र पट्टा आणि लगेच शेजारी पूर्ण रंगातलं जिवंत मांस, अशी तुटक सीमा असते. रोगात पांढरी रेघ दिवसागणिक पुढे सरकते आणि तिच्यामागे लव चढत येते. ब्लीचिंगमध्ये रंग हळूहळू उतरतो, बहुधा उन्हाकडच्या वरच्या बाजूने, आणि आजूबाजूची बरीच प्रवाळं एकाच वेळी फिकी पडलेली दिसतात. काही प्रवाळं पांढरी पडण्याआधी भडक निळी, जांभळी, पिवळी होतात. फोटोला ती फार सुंदर दिसतात, पण तीही ताणाचीच खूण असते.

पाणी वेळेत निवलं तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शैवाल पुन्हा वाढतं. पण वाचलेलं प्रवाळही अशक्त झालेलं असतं. त्याची वाढ मंदावते, पुढच्या हंगामात अंडी कमी होतात, रोग लवकर धरतो. म्हणून उष्मा ओसरला की मोजणी संपली असं न मानता सहा महिन्यांनी त्याच प्रवाळांकडे परत जावं.

प्रश्न : बातम्यांत "८ डिग्री-हीटिंग-वीक" असं येतं. हे नेमकं काय मोजतात?

किती ताप आला आणि तो किती दिवस राहिला, या दोन गोष्टी एकाच आकड्यात बसवायची ही युक्ती आहे. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचा कोरल रीफ वॉच विभाग उपग्रहाच्या मोजमापांवरून तो काढतो.

आधी त्या जागेचं नेहमीच्या वर्षांतल्या सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी तापमान घेतात. समजा ते २९ अंश आहे. पाणी त्याच्या वर १ अंश किंवा जास्त गेलं तरच हिशेबात धरतात. म्हणजे ज्या आठवड्यात पाणी २९.८ होतं त्याचं शून्य, ३०.५ होतं त्याचे १.५. मागच्या १२ आठवड्यांची बेरीज करायची. समजा सहा आठवडे पाणी अनुक्रमे ३०.५, ३०.५, ३०, २९.६, ३१ आणि ३१ अंश राहिलं. बेरीज १.५ + १.५ + १ + ० + २ + २, म्हणजे ८. साधारण ४ला लक्षणीय ब्लीचिंग अपेक्षित असतं आणि ८ला तीव्र ब्लीचिंग व मृत्यू. पूर्वी इशाऱ्याच्या पायऱ्या इथेच संपायच्या. २०२३च्या उष्म्यात काही भित्तींवर बेरीज २०च्याही वर गेली, तेव्हा त्यात आणखी तीन पायऱ्या जोडाव्या लागल्या.

हा आकडा वापरताना चूक होते ती अशी : उपग्रहाचा एक चौकोन सुमारे ५ किलोमीटरचा असतो आणि तो पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतो. भित्तीआडच्या उथळ, बंदिस्त लगूनमध्ये पाणी त्याहून तापलेलं असतं. जिथे खोलातलं थंड पाणी भरती-ओहोटीबरोबर वर येतं तिथे ते कमी असतं. शिवाय तेवढ्याच बेरजेला अ‍ॅक्रोपोराची भित्ती भाजून निघते आणि पोरायटीसची नुसती फिकी पडते. म्हणून १० मीटर खोलीवर एक साधा तापमान-लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र) बांधून ठेवणं आणि शेजारी कोणती प्रवाळं आहेत हे नोंदवणं फार उपयोगी पडतं.

प्रश्न : ग्रेट बॅरियर रीफवर २०२२मध्ये विक्रमी प्रवाळ असल्याची बातमी होती. मग ती मरते आहे हे खोटं का?

दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. २०२२च्या मोजणीत उत्तर भागात प्रवाळांचं आच्छादन सुमारे ३६ टक्के आणि मध्य भागात ३३ टक्के आढळलं. तिथली मोजणी सुरू झाल्यापासूनच्या ३६ वर्षांत एवढं कधी दिसलं नव्हतं. पण ही भर मुख्यतः अ‍ॅक्रोपोराने घातली होती, म्हणजे लवकर वाढणारी आणि तितक्याच लवकर मरणारी प्रवाळं. मोकळ्या रानात गवत माजावं तसं ते आच्छादन होतं. २०२४मध्ये उष्मा आणि वादळं आली, आणि २०२५च्या अहवालात उत्तरेत सुमारे चौथा हिस्सा तर दक्षिणेत सुमारे ३० टक्के आच्छादन एका वर्षात गेल्याचं दिसलं.

टक्केवारी जागा किती व्यापली ते सांगते, कोणी व्यापली ते सांगत नाही. ३५ टक्के आच्छादन असलेल्या दोन भित्तींपैकी एकीवर पन्नास प्रजातींची, सर्व वयांची प्रवाळं असू शकतात, दुसरीवर एकाच वयाची चार-पाच. दुसरी भित्ती पुढच्या उष्म्यापर्यंतच छान दिसते. पूर्वी दोन मोठ्या उष्म्यांमध्ये भित्तीला सावरायला वेळ मिळायचा. ग्रेट बॅरियर रीफवर १९९८, २००२ अशी व्यापक ब्लीचिंग झाली आणि नंतर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४. हंगाम जवळ आले की सावकाश वाढणाऱ्या प्रवाळांची पाळी येतच नाही. त्यात बीजही घटतं : २०१६ आणि २०१७च्या लागोपाठच्या मृत्यूंनंतर २०१८मध्ये तिथे रुजणाऱ्या नव्या अळ्यांची संख्या ८९ टक्क्यांनी कमी भरली.

प्रश्न : शैवाल खाणाऱ्या माशांना एवढं महत्त्व का? आणि सगळे शाकाहारी मासे सारखेच ना?

सारखे नाहीत, आणि हा फरक न कळल्यामुळे चांगल्या योजना वाया जातात.

मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्यावर पहिल्यांदा शैवाल चढतं. ते आखूड लवेसारखं राहिलं तर प्रवाळाची अळी त्यात रुजू शकते. ते वाढून झुडपासारखं झालं की अळीला टेकायला जागा मिळत नाही, उजेड मिळत नाही आणि भित्ती शैवालाच्या अवस्थेत अडकून पडते. आखूड लव कातरून आखूडच ठेवायचं काम सर्जनमासे आणि रॅबिटफिश करतात. पोपटमासे चोचीने लवेबरोबर चुनखडीचा पापुद्राही खरवडतात आणि अळीला हवी तशी उघडी जागा तयार करतात. पण शैवालाची झुडपं एकदा माजली की हे दोन्ही गट त्यांना फारसे तोंड लावत नाहीत. ती खाणारे मासे वेगळे, आणि थोडे.

ऑस्ट्रेलियात एका प्रयोगात भित्तीचे काही भाग तीन वर्षं जाळीच्या पिंजऱ्यांनी झाकून ठेवले. आत शैवालाचं रान माजलं. पिंजरे काढल्यावर पोपटमासे आणि सर्जनमासे ते फस्त करतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते रान मुख्यतः बॅटफिशने साफ केलं, आणि तोवर हा मासा शैवाल खाणाऱ्यांत गणलाही जात नव्हता. अशा एखाद्या माशावर सगळं अवलंबून असतं आणि तो यादीतही नसतो. त्यामुळे "शाकाहारी माशांचं एकूण वजन" हा एकच आकडा पाहून समाधान मानू नये. आकारही पाहा. मोठा पोपटमासा त्याच वजनाच्या दहा लहान पोपटमाशांपेक्षा कितीतरी खोल आणि रुंद खरवडतो, आणि जाळ्यात वा भाल्याला पहिल्यांदा तोच लागतो.

हे काम फक्त मासेच करतात असंही नाही. जमैकात मासे फार पूर्वीच संपत आले होते, तरी १९८३पर्यंत डायाडेमा नावाचे लांब काट्यांचे अर्चिन शैवाल आटोक्यात ठेवत होते. १९८३-८४मध्ये रोगाने कॅरिबियनभर ते जवळपास नाहीसे झाले. त्याआधी १९८०मध्ये अ‍ॅलन चक्रीवादळ येऊन गेलं होतं. सत्तरच्या दशकात सुमारे ५० टक्के असलेलं जमैकाचं प्रवाळ आच्छादन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ५ टक्क्यांखाली गेलं. एका कामाला एकच कामगार उरला की असं होतं. केनियात अर्चिन जास्त झाले म्हणून भित्ती झिजली, जमैकात ते गेले म्हणून ती बुडाली. तिकडची उपाययोजना उचलून इकडे लावताना हे ध्यानात ठेवा.

सेशेल्समध्ये १९९८ला ९० टक्क्यांहून जास्त प्रवाळ मेलं. पुढे २१ भित्तींवर लक्ष ठेवलं तेव्हा १२ सावरल्या, ९ शैवालाखाली गेल्या. सावरलेल्या भित्ती तुलनेने खोल होत्या, त्यांचा सांगाडा जास्त खडबडीत होता, लहान प्रवाळं आणि शाकाहारी मासे जास्त होते आणि पाण्यात पोषकद्रव्यं कमी होती. बेलीझने २००९मध्ये पोपटमासे पकडण्यावर बंदी घातली. आमच्या मते ज्यांना संपूर्ण मासेमारीबंदी शक्य नाही त्यांच्यासाठी हा सर्वांत स्वस्त आणि सरळ नियम आहे.

प्रश्न : सांडपाणी आणि गाळ यांचा उष्म्याशी काही संबंध आहे का?

आहे, विशेषतः उष्मा मध्यम असेल तेव्हा. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मूरिया बेटाभोवती २०१६मध्ये दिसलं की जिथे पाण्यात नायट्रोजन जास्त होता तिथे थोड्या उष्म्यातही ब्लीचिंग तीव्र झालं. उष्मा फार वाढला की हा फरक पुसट होतो. म्हणजे सांडपाणी रोखल्याचा फायदा वाईट वर्षांत दिसतो, महाभयंकर वर्षांत कमी. गाळ दोन्हीकडून काम करतो. तो प्रवाळावर बसला की चिकट द्राव सोडून तो झटकण्यात प्रवाळाची शक्ती खर्च होते, पण गढूळ पाणी ऊन अडवतं, म्हणून काही गढूळ भित्ती कमी ब्लीच होतात. तिथे टिकलेली प्रवाळं मात्र मुळात सोशिक गटातलीच असतात.

प्रश्न : आमच्या गटाला प्रवाळांची लागवड करायची आहे. कशी करावी?

आधी एक प्रश्न स्वतःला विचारा : तिथली प्रवाळं कशामुळे मेली आणि ते कारण गेलं का? गेलं नसेल तर थांबा. जवळपास जिवंत भित्ती असेल आणि खडक घट्ट असेल, तर अळ्या आपोआप येतात आणि लागवडीची गरजच नसते. लागवड खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती सुरुंगाच्या मासेमारीने भुगा झालेल्या जागी. तिथे तुटके तुकडे लाटेबरोबर गडगडतात आणि वर रुजलेली प्रत्येक अळी चिरडली जाते. इंडोनेशियात अशा भुग्यावर वाळूचा लेप दिलेल्या लोखंडी षटकोनी चौकटी एकमेकींना जोडून जाळं करतात आणि त्यावर तुकडे बांधतात. चार वर्षांत तिथली चुना साठवण्याची गती निरोगी भित्तीच्या बरोबरीला आली. मात्र लावलेली प्रवाळं बहुतांश फांद्यांची आहेत, म्हणजे उष्म्याला नाजूक.

परवानगी मिळाली असेल तर ५ ते १० सेंटीमीटरचे तुकडे घ्या, शक्यतो आधीच मोडून पडलेल्या जिवंत फांद्यांचे. एकाच मातृप्रवाळाचे पन्नास तुकडे लावू नका. ती सगळी एकाच जनुकांची असतात, एकच रोग सगळ्यांना नेतो आणि पुढे त्यांचं आपसांत फलनही होत नाही. जागा तारेच्या ब्रशने घासून लव काढा, दोन भागांच्या इपॉक्सीने किंवा सिमेंटने तुकडा बसवा आणि दुसऱ्या दिवशी बोटाने हळूच हलवून पाहा. जराही डुलत असेल तर पुन्हा बसवा. डुलणाऱ्या तुकड्याचं मांस बुडाशी पसरून खडकाला धरू शकत नाही, रोज घासून निघतं आणि तिथूनच तो मरतो. लागवड थंड महिन्यांत करा. तुकडे आधी नर्सरीत दोऱ्यांवर वाढवत असाल तर त्या दोऱ्या नियमित घासा. बुडाशी पांढरे डाग दिसले तर प्रवाळ खाणारे ड्रुपेला गोगलगाय शोधून हाताने काढा.

मोजणी १ महिना, ६ महिने, १ वर्ष आणि २ वर्षांनी करा. जगभरातल्या बऱ्याच प्रकल्पांची नोंद दीड वर्षाच्या आतच थांबते, म्हणजे पहिला खरा उष्मा येण्याआधीच. त्यामुळे कागदावर जगण्याचं प्रमाण चांगलं दिसतं.

प्रश्न : काटेरी मुकुटाचे तारामासे दिसले तर मारावेत का?

एखाद-दुसरा दिसला तर राहू द्या. तो अ‍ॅक्रोपोरासारखी लवकर वाढणारी प्रवाळं आधी खातो आणि इतरांना जागा मिळते. एका हेक्टरात १५ किंवा जास्त झाले की प्रादुर्भाव समजतात. एक तारामासा वर्षाला १० चौरस मीटरपर्यंत प्रवाळ खातो, म्हणजे हिशेब लक्षात येईल. मारायचं काम प्रशिक्षित डायव्हरांनी परवानगी घेऊनच करावं. काटे विषारी असतात. पाण्याखाली तुकडे करत बसू नये. पूर्वी एकेका तारामाशाला अनेक सुया टोचाव्या लागत. आता पित्तक्षारांचं किंवा साध्या व्हिनेगरचं इंजेक्शन पुरतं आणि तो दोनेक दिवसांत मरतो. ग्रेट बॅरियर रीफवर मासेमारीबंदीच्या भित्तींवर हे प्रादुर्भाव कमी आढळले आहेत.

प्रश्न : संरक्षित क्षेत्र आखताना नेमकं काय पाहावं?

२०१४मध्ये जगातल्या ८७ सागरी संरक्षित क्षेत्रांची तुलना झाली. उपयोगी ठरणारे गुण पाच निघाले : मासेमारीला पूर्ण बंदी, नियमांची खरी अंमलबजावणी, दहा वर्षांहून जास्त वय, १०० चौरस किलोमीटरहून जास्त आकार, आणि खोल पाण्याने किंवा वाळूने वेगळं पडलेलं असणं. ५९ टक्के क्षेत्रांत यातला एक किंवा दोनच गुण होते आणि तिथले मासे बाहेरच्यांपेक्षा वेगळे नव्हते. नकाशावर रेघ ओढून पाच वर्षांनी "फरक पडला नाही" म्हणणाऱ्यांनी हे पाहावं.

धीरही धरावा लागतो. मासेमारी नसलेल्या भित्तीवर एका हेक्टरात साधारण १००० किलो मासे असतात. २०१५च्या एका अभ्यासानुसार मासेमारी झालेल्या भित्तीला पूर्ण बंदीतही तिथपर्यंत सावरायला सरासरी ३५ वर्षं लागतात. ५०० किलोंच्या आसपास भित्तीची बरीचशी कामं पुन्हा होऊ लागतात, म्हणून पहिलं उद्दिष्ट तेच ठेवावं.

जागा निवडताना केवळ आजची सुंदर भित्ती निवडू नका. थंड पाणी वर येणारा, सावलीचा किंवा खोल भाग आत घ्या, उष्मा आधीच सोसलेली भित्ती घ्या आणि दोन्हींना अळ्यांनी जोडणारे प्रवाह पाहा. एमिली डार्लिंग आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये हिंद-प्रशांत महासागरांतल्या २,५८४ भित्ती तपासल्या. कठीण प्रवाळाचं आच्छादन १० टक्क्यांच्या वर असेल तर भित्ती झिजेपेक्षा जास्त बांधली जाते, हा त्यांनी धरलेला उंबरठा. तो ओलांडलेल्या आणि उष्म्यातून सुटलेल्या भित्ती आधी जपायच्या, नुकत्याच होरपळलेल्यांवरचा स्थानिक ताण कमी करायचा, आणि उंबरठ्याखाली गेलेल्यांवर अवलंबून असलेल्या लोकांना दुसरा आधार उभा करायला मदत करायची. शेवटचं ऐकायला कठोर वाटतं, पण सगळीकडे थोडा थोडा पैसा टाकण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे.

प्रश्न : आमच्या डायव्हिंग क्लबला दरवर्षी मोजणी करायची आहे. सोपी पद्धत सांगा.

रीफ चेक या स्वयंसेवी मोजणी करणाऱ्या संस्थेची पद्धत घ्या. १०० मीटरची टेप एकाच खोलीवर पसरायची : उथळ रेषा २ ते ६ मीटरवर, दुसरी ६ ते १२ मीटरवर. तिच्यावर २० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५-५ मीटर सोडून. टेप पसरल्यावर पंधरा मिनिटं लांब थांबा, म्हणजे बुजलेले मासे परत येतात. आधी मासे मोजा, टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर. मग तळ : दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिहा. कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकतंच मेलेलं प्रवाळ, शैवाल, स्पंज, खडक, भुगा, वाळू, गाळ, इतर. एका तुकड्यात ४० बिंदू, चारांत १६०. त्यातले ४० कठीण प्रवाळाचे असतील तर आच्छादन २५ टक्के.

सर्वांत मोठी चूक नजरेची. डोळा आपोआप जवळच्या सुंदर प्रवाळाकडे सरकतो आणि टक्केवारी फुगते. त्यासाठी दोरीला एक लहान नट बांधा, टेपच्या खुणेवरून तो सोडा आणि तो जिथे टेकेल तेच लिहा, वाळू असली तरी. यात आमची एक भर : कठीण प्रवाळ आलं की शेजारी फांद्या, टेबल, गोळा किंवा पातळ थर एवढा एक शब्द लिहा. यानेच पुढे कळेल की भित्ती स्पर्धकांची आहे की सोशिकांची. रंगासाठी क्वीन्सलँड विद्यापीठाचा कोरलवॉच तक्ता मिळतो. प्रत्येक प्रवाळाची सर्वांत फिकी आणि सर्वांत गडद जागा तक्त्याशी जुळवून १ ते ६मधला आकडा लिहायचा, वाढती टोकं सोडून. किमान २० प्रवाळं घ्या. तक्त्यावरचा आकडा २ने उतरला तर ती उतरण खरी समजा.

एका वर्षी २२ टक्के आणि पुढच्या वर्षी २६ आले तर सुधारणा जाहीर करू नका. १६० बिंदूंच्या मोजणीत एवढा फरक टेप हातभर सरकली तरी पडतो. सुरुवातीची जागा खिळा ठोकून आणि फोटो काढून पक्की करा.

प्रश्न : सनस्क्रीनने प्रवाळ मरतात का?

प्रयोगशाळेत ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या घटकांनी इजा झालेली दिसली आहे. पलाऊने २०२०पासून आणि हवाईने २०२१पासून त्यांवर बंदी आणली. गर्दीच्या, पाणी कमी खेळणाऱ्या खाडीत काळजी घ्यावी. पण उष्मा, सांडपाणी आणि मासेमारी यांच्या तुलनेत हा भार लहान आहे. पाण्यात पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा) घाला. अंगाचा बराच भाग झाकला जातो, त्यामुळे क्रीम फक्त चेहऱ्याला आणि मानेला लागतं.